खांबापर्यंतची रेंज

सोमवार, ४ नोव्हेंबर

एकदाचं घर मिळालं! तळमजला, दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि मागे छोटंसं अंगण. आईच्या गुडघ्यांची जिन्यातून सुटका झाली. सामान उतरवता उतरवता माझी कंबर कामातून गेली, पण मन इतकं खूश आहे की आज ही वही उघडलीच. चिमणीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिली होती. तेव्हापासून कोरीच पडून होती बिचारी.

घर जरा हौशी माणसाचं दिसतंय. पुढच्या दाराला किल्ली नाही, आतून-बाहेरून फोनवरूनच उघडायचं-लावायचं कुलूप आहे. बेल, गिझर, बाहेरच्या खोलीतला पंखा, सगळं फोनवरून चालायचं. मात्र आधीचा राउटर जळाला आणि तेव्हापासून सगळं ठप्प झालंय, त्यामुळे कुलूपही सध्या नुसतं शोभेला आहे. इथे पूर्वी कुणी मास्तर राहायचे, त्यांनी हे सगळं बसवून घेतलं, असं घर दाखवणारा एजंट म्हणाला. ते आता कुठे असतात, असं विचारलं तर त्याने विषय बदलला. मला वाटलं, भाड्यावरून वाजलं असेल.

एवढ्या हौशी माणसाने मागच्या दारावर मात्र आतून तीन आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. मी हातोडी घेतली आणि तिन्ही उचकटून टाकल्या. खाली दार धडधाकट आहे, आतून-बाहेरून साधी कडी. दार उघडताच वारा थेट स्वयंपाकघरात आला. आई खुर्चीवर बसून मला सूचना देत होती. तिच्या मते मी हातोडी लाटण्यासारखी धरते.

उद्या राउटर आणायचा. माझं पोट त्याच्यावर आणि आईचा जीवही त्याच्यावर.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

माझं काम म्हणजे डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टाइप करायच्या. घरबसल्या होतं, फक्त इंटरनेट नीट हवं. आईची गोष्ट वेगळी. तिने चौतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून काढली. बाबा गेल्यावर सहा महिने भिंतीकडे बघत बसायची. मग चिमणीच्या नवऱ्याने त्याचा जुना गेमिंग कन्सोल तिला आणून दिला आणि आमच्या घरात सत्तरीची नेमबाज तयार झाली. आता ती चार जणांच्या टीममध्ये खेळते. बाकीचे तिघे तिच्या नातवंडांच्या वयाचे आहेत आणि तिला चळचळा कापतात. इंटरनेट अडखळलं आणि त्यात ती मेली, की त्या दिवशी घरात माझी खैर नसते.

आठवडाभर मी राउटरची परीक्षणं वाचत होते. लग्नासाठी आलेल्या स्थळांची एवढी चौकशी केली असती तर आज माझा संसार असता. दुकानदार म्हणजे गोड माणूस, पण बोलायला लागला की ब्रेक नाही. खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलायचं नाही, तेवढा वेग घरात कधीच येत नाही. किती अँटेना आहेत ते मोजायचं नाही. दोन बँड हवेतच: एक लांब जाणारा, एक वेगवान. कन्सोलला तार जोडायची, बाकीचे बिनतारी. राउटर कपाटात कोंबायचा नाही, घराच्या मध्यावर, उंचावर ठेवायचा.

शेवटी प्रश्न दोन राउटरांचा उरला. एक तीन खोक्यांचा संच होता. तो घरभर, अंगणभर, पार गल्लीच्या टोकापर्यंत रेंज देतो, पण लॅग, म्हणजे बटण दाबल्यावर गेम हलायला लागणारा वेळ, थोडा वाढतो. दुसरा एकच खोका, खास गेमिंगवाल्यांसाठी, लॅग जवळजवळ शून्य, मात्र त्याचा पल्ला घरापुरता आणि वर चाळीस-पन्नास पावलं. मी म्हटलं, आम्हाला गल्लीत बसून काय करायचंय? एक खोकाच घेतला. मध्येच वीज गेली तर आईचा डाव बुडू नये म्हणून दुकानदाराने एक छोटा यूपीएसही गळ्यात मारला. उद्या तो स्वतः येऊन बसवून देणार आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दुकानदार अकराला आला. कुलूप, बेल, गिझर, पंखा या सगळ्यांत नव्या राउटरचं नाव आणि पासवर्ड घालायचा म्हणजे प्रत्येकाच्या मागे तास तास लागणार होता, आणि त्यांची माहितीपत्रकं कुणाकडेच नव्हती. तेव्हा त्याने त्याच्या धंद्यातली युक्ती सांगितली. जुन्या राउटरचं नाव आणि पासवर्ड मिळाला तर नव्याला तोच द्यायचा. घरातल्या वस्तूंना राउटर बदललेला कळतही नाही, त्या आपोआप येऊन जोडल्या जातात.

मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक चिठ्ठी डकवलेली सापडली. सुंदर मास्तरी अक्षर. नाव ‘घरचेच’, पासवर्ड ‘सगळेजवळ’ आणि पुढे चार आकडे. सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित: पाहुण्यांना देऊ नये. आम्ही तिघेही हसलो. मास्तर भलतेच चिक्कू असणार.

नाव दिल्याबरोबर बेल वाजली, पंखा फिरायला लागला, कुलूप खटकन लागलं. दुकानदाराने स्वतःचा फोन जोडून वेग तपासला, आमचे दोघींचे फोन जोडून दिले आणि आईच्या कन्सोलला पहिला नंबर दिला, म्हणजे घरात कुणीही काहीही करत असलं तरी आईचा गेम अडत नाही. आईने पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. चिक्कूपणाची ओळ तेवढी गाळली.

तो गेल्यावर थोड्या वेळाने गल्लीत रुग्णवाहिकेचा आवाज आला. आईने पहिलाच डाव जिंकला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. ओळखू याव्यात म्हणून मी प्रत्येकीला नाव देत होते: आईचा फोन, माझा फोन, कन्सोल, बेल. चार ओळी जास्त निघाल्या. एक ‘दुकानदार’, ते त्याने स्वतःच टाकलं असणार. बाकी तिघांना आधीपासूनच नावं होती: मास्तर, अक्का, माई.

म्हटलं, यांचे जुने फोन कुठेतरी राहिले असतील. माळा पाहिला, कपाटांमागे पाहिलं, काही नाही. तिघांना ‘ब्लॉक’ केलं. यादी परत उघडली तर तिघेही जागच्या जागी. प्रत्येकाच्या पुढे रेंजच्या पाच कांड्या दिसतात. तिघांच्या पाचही भरलेल्या, म्हणजे राउटरच्या अगदी जवळ. दुकानदाराच्या पुढे एकच. त्याचं दुकान तर दोन किलोमीटरवर आहे.

उद्या फोन करून त्यालाच विचारीन. बाकी झकास. दिवसाचं काम चारलाच संपलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

समोर एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी सांगितलं की बुधवारी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी जो माणूस कोसळला, तो आमच्याकडूनच निघाला होता. जागीच गेला. काल मी यादीत त्याची कांडी मोजत होते.

त्याच्या घरी भेटून यावं म्हणून निघाले. राउटर लागल्यापासून दोन दिवस मी बाहेर पडलेच नव्हते, सगळं घरपोच येत होतं. खांबाशी पोचले आणि श्वास बंद झाला. धाप लागली म्हणत नाही मी. आत घेतलेला श्वास छातीत पोचलाच नाही. डोळ्यांसमोर काळं झालं, मी खांबाला धरलं, मागे सरकले. दोन पावलं मागे आले आणि श्वास आला.

धक्क्याने झालं असेल. घरी येऊन पडून राहिले. आईला सांगितलं नाही.

यादीत आईचा कन्सोल दुसऱ्या नंबरावर गेलाय. पहिला नंबर: मास्तर.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज चार वेळा जाऊन आले. फोन हातात घेऊन, फोन घरी ठेवून, फोन बंद करून. उलट्या दिशेने गिरणीकडेही गेले. घरापासून पंचेचाळीस पावलं झाली की तेच. खांबाशी फोनवर एक कांडी असते. ती गेली की श्वास जातो.

आई माझ्या मागे आलेली मला कळलीच नाही. ती खांबाच्या पुढे तीन पावलं गेली आणि रस्त्यावर बसली, मग आडवी झाली. मी तिचे पाय धरून तिला मागे ओढलं. मागून येणारा सायकलवाला शिव्या घालून गेला. ओठ निळे पडले होते तिचे. ती शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा म्हणाली की चप्पल पलीकडेच राहिली.

नर्सबाईंनी आम्हाला आमच्या घरात आणून बसवलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी मास्तरांचं सांगितलं. मास्तर आणि त्यांच्या दोन बहिणी. मास्तर त्या दोघींना घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. लग्नकार्याला नाही, दवाखान्याला नाही. गल्लीत सगळे त्यांना राक्षस म्हणायचे. मग गेल्या पावसाळ्यात वीज पडली, घरातला राउटर जळाला, आणि त्याच मिनिटाला तिघे घरात तीन जागी मरून पडले. नर्सबाईच पहिल्यांदा आत शिरल्या होत्या. चहा अजून गरम होता, म्हणाल्या. लोकांनी गॅसचा संशय घेतला.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी राउटरकडे पाहिलं.

रविवार, १० नोव्हेंबर

मी ठरवलं, आपण निघून जायचं आणि राउटर बरोबर घेऊन जायचं. यूपीएस पिशवीत, राउटर माझ्या हातात, आई शेजारी. राउटर चालू राहील, रेंज आमच्याबरोबर चालत येईल. इतकं सोपं आहे असं वाटून मला हसूही आलं.

भिंतीतून येणारी इंटरनेटची तार मी राउटरमधून काढली.

आई सोफ्यावरून घसरली. माझेही गुडघे गेले. ती तार परत खोबणीत बसवायला मला किती वेळ लागला कोण जाणे, हाताला काही जाणवतच नव्हतं. बसली. दोघी जमिनीवर पडून श्वास घेत राहिलो.

म्हणजे तार हवी, वीज हवी, नावही तेच हवं. नाव बदलायला घेतलं होतं, पण ‘सेव्ह करा’वर बोट ठेवायचं धाडस झालं नाही.

ते तीन खोक्यांचं घेतलं असतं तर गल्लीच्या टोकापर्यंत तरी जाता आलं असतं. मी लॅगवर अडले. आपल्या कैदेचं माप मी स्वतः दुकानात उभं राहून पसंत केलं, वर घासाघीसही केली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

डॉक्टरांना घरी बोलावलं. दोघींची छाती ठणठणीत आहे. तपासणीचा कागद फोनवर पाठवायला त्यांनी वायफायचा पासवर्ड मागितला. मी इतक्या जोरात नाही म्हणाले की ते दचकले. गेल्यावर माझ्या लक्षात आलं: पाहुण्यांना देऊ नये.

चिक्कू नव्हते मास्तर. राक्षसही नव्हते.

आई परत खेळायला बसली. मी रडले तर म्हणाली, “मला कुठे जायचंय? तुझं वाईट वाटतं फक्त.” तिच्या तोंडून हे ऐकून मला जास्त भीती वाटली.

दुकानदाराच्या पुढे आता तीन कांड्या आहेत. तो घराकडे येतोय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

वीज कंपनीचा निरोप आला. दुरुस्तीसाठी गुरुवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वीजपुरवठा बंद.

यूपीएस चाळीस मिनिटं चालतो.

कंपनीला फोन केला. त्यांना काय सांगणार? घरी आजारी माणूस आहे म्हटलं, तर त्या बाईने दवाखान्यात हलवा म्हणून सांगितलं. तेच तर —

चिमणीला सगळं सांगितलं, अगदी सगळं, मास्तरांसकट. ती म्हणाली की मला झोप हवी आहे आणि ती मला एका चांगल्या डॉक्टरकडे नेईल. पण बहीणच ती. नवऱ्याच्या ऑफिसातला मोठा यूपीएस, आठ तास चालणारा, गुरुवारी दहाच्या आत घेऊन येते म्हणाली.

तिला बजावलं, घरात आल्यावर फोन वायफायला जोडायचा नाही. शपथ घातली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काम होत नाही. डॉक्टरांच्या नोंदी ऐकते आणि प्रत्येक वाक्याच्या मागे कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं.

आईचा कन्सोल सातव्या नंबरावर. आईचा लॅग मात्र शून्य. म्हणते, कुणीतरी सांभाळतंय.

दुकानदार पाच कांड्या.

खिडक्यांना गज आहेत. पहिल्या दिवशी मला ते छान वाटले होते, सुरक्षित म्हणून.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

९.३५. चिमणी वाटेत आहे. भाचीला शाळेत सोडून निघाली.

९.५८. अजून नाही.

१०.००. गेली वीज. छोटा यूपीएस कुईं कुईं करतोय. राउटरचे दिवे चालू. आई माझा हात धरून बसलीय. कन्सोल आज लावला नाही.

१०.२२. चिमणी ट्रॅफिकमध्ये. फोन करू नको म्हणते, गाडी चालवतेय.

१०.३४. आवाज वाढलाय. आईला सांगितलं, जवळ ये. तिने बाबांचं स्वेटर घातलंय.

१०.३८. आली — आली चिमणी — लावतेय —

१०.५०. सुटलो. मोठा यूपीएस लागला. आठ तासांचा, वीज पाचला येते. मी चिमणीच्या गळ्यात पडून लहान पोरासारखी रडले. तीही रडली. आई पोहे — नाही, काहीतरी करते म्हणून स्वयंपाकघरात गेली. चिमणी तिच्यामागे. सात दिवसांनी घरात हसणं ऐकू येतंय. लिहून ठेवते.

१२.१०. जेवलो. यादी पाहायची म्हणून ॲप उघडलं.

एक ओळ जास्त आहे.

चिमणी.

१२.१५. तिला विचारलं. म्हणाली, फ्रिजवर पासवर्ड दिसला, म्हटलं जोडून बघावं, म्हणजे काही होत नाही हे मला दाखवता येईल. माझ्या भल्यासाठी. शपथ घातली होती मी. शपथ म्हणजे तिला —

तिची लेक एकला शाळेतून सुटते. बारा चाळीसला निघायला हवं म्हणते.

१२.३०. सांगतेय. हात जोडले. दुसऱ्या कुणाला पाठव, शाळेत फोन कर. ती पर्स उचलतेय. आईने तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. हळूच, प्रेमाने.

मी फोनवरून कुलूप लावलं.

१२.३६. दारावर धक्के. म्हणते उघड. उघडणार नाही. तिने मला राक्षस म्हणायचं तर म्हणू दे. ती दारातून वळली, माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तू अगदी त्या मास्तरांसारखी वागायला लागलीस.”

हो. कळतंय मला. कळू दे मला ते. पण जिवंत राहा.

१२.४१. शांत झाली. पाणी पिते म्हणाली. स्वयंपाकघरात —

फळ्या. मागच्या फळ्या मी काढल्या. मीच. हातोडीने.

कडी वाजली. मागचं दार — बाहेरून लावलंय तिने. मी मागे येऊ नये म्हणून. पुढचं उघडतेय, फोनवर, उघडत नाही. नाही उघडत. पहिला नंबर मास्तर, कुलूप त्यांचं ऐकतं —

गजांतून ओरडतेय. आईही ओरडतेय. समोर कुणी नाही. ती अंगण ओलांडून गल्लीत — मान वळवत नाही. दिसेनाशी झाली. यादीत आहे. यादीत दिसतेय.

चार कांड्या.

तीन. ती भरभर चालतेय, शाळा सुटेल म्हणून.

दोन.

चिमणे, थांब. खांबाच्या अलीकडे थांब. तिथेच बस, मी तुला पाणी, जेवण, सगळं — लेकीला इथेच आणू — नाही, तिला नको, तिला कधीच — तू फक्त थांब, एक

एक कांडी —